स्टँड रांगेचा, हेड ज्याचं त्याचं

रघुमामांनी मशीनचं हेड पोटाशी कवटाळलं होतं आणि स्टँड भीमेत गेला होता.

वडगाव रासाईहून नाव निघाली तेव्हा सगळं ठीक होतं. नावेत बाजाराला निघालेली माणसं, कांद्याची पोती, दोन शेळ्या, रघुमामा शिंपी आणि मी. पलीकडे उतरून बैलगाडीनं केडगाव स्टेशन गाठायचं आणि तिथून पॅसेंजरनं दौंड, हा आम्हा दोघांचा नेहमीचा रस्ता. नदीच्या मध्यावर एक शेळी बिथरली. तिला धरायला चार माणसं एकाच बाजूला धावली. नाव कलली आणि कडेला टेकवलेला लोखंडी स्टँड सावकाश, अगदी ठरवून निघाल्यासारखा पाण्यात सरकला. नावाड्यानं काठी घालून पाहिलं. काठीला गाळ लागला, स्टँड लागला नाही.

"डोकं वाचलं," मामा म्हणाले. "पाय गेलं."

इथं मशीनबद्दल थोडं सांगायला हवं. पायानं चालवायच्या शिलाई मशीनचे दोन भाग असतात. वरचा काळा, सोनेरी वेलबुट्टीचा, सुईवाला भाग म्हणजे हेड. खाली लाकडी फळी, बिडाचे पाय, पॅडल आणि मोठं चाक, हा सगळा स्टँड. फळीला हेडच्या मापाची खाच असते. त्यात हेड बसवायचं, मागचे दोन स्क्रू आवळायचे, चाकाची वादी चढवायची, की मशीन तयार. उलट्या क्रमानं केलं की हेड हातात येतं. हेड एक माणूस काखोटीला मारून नेऊ शकतो. स्टँड न्यायला बैलगाडी लागते, नाहीतर दोन माणसं आणि चार शिव्या.

मी त्या वेळी शिलाई मशीनच्या एका देशी कंपनीचा सेल्समन होतो. गोष्ट साठ सालच्या आसपासची. नवे पैसे येऊन बरेच दिवस झाले होते, पण बाजार अजून आण्यांतच बोलायचा. आम्ही शिरूरला राहायचो. वडील मिशनच्या सुतारशाळेत शिकवून रिटायर झालेले. बायको, कमल, मिशनच्याच मुलींच्या शाळेत बाई. दौंड स्टेशनजवळ कंपनीनं एक खोली भाड्यानं घेतली होती, तिला डेपो म्हणायचं. डेपोत मी, एक टेबल, तेलाचे डबे आणि न विकलेली मशीनं.

न विकलेली, कारण समोर एक जुनी विलायती कंपनी होती. नाव घेत नाही. शिंप्याला मशीन म्हटलं की तेच नाव तोंडात यायचं. आमचं मशीन वाईट नव्हतं, आणि थोडं स्वस्तही होतं. पण स्वस्त म्हटलं की शिंपी आणखी संशयानं बघायचा. आमच्या सेल्स मॅनेजरना, मुंबईच्या कामतसाहेबांना, हे पटायचं नाही. भला माणूस, पण घाईचा. दौंडच्या रिफ्रेशमेंट रूममध्ये टोस्टला लोणी लावता लावता त्यांनी मला सांगितलं होतं, की लग्नसराई संपेपर्यंत खप वाढला नाही तर डेपो बंद आणि माझी बदली अकोल्याला.

घरी आल्यावर मी हे सांगितलं. कमल म्हणाली, "अकोल्याला ऊन फार असतं म्हणे." तिची नोकरी, वडिलांचं वय, दारातलं तिनं लावलेलं लिंबाचं झाड, सगळं तिनं त्या उन्हात घातलं. मला शिरूर सोडायचं नव्हतं. कंपनीचं भलं वगैरे नंतर. मला त्या वर्षी हवं होतं ते एवढंच.

तर रघुमामांचे पाय गेले. सेल्समनच्या जिभेला अशा वेळी लगाम राहत नाही. मी म्हटलं, मामा, आता आमचं पुरं मशीनच घ्या. मामांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांना या वयात दुसरं लग्न सुचवलं. "हेड हाय की माझं. बापाच्या वक्ताचं हाय," ते म्हणाले. "पाय कुनाचं बी चालत्यात साहेब. डोकं बदलत न्हाईत."

त्यांचं हेड अर्थातच त्या विलायती कंपनीचं होतं.

गाडीत ते हेड वाकळीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते, लेकरू घेऊन बसावं तसे. मला वाईट वाटलं. डेपोत एक डेमोचा स्टँड होता, म्हणजे गिऱ्हाईकाला मशीन चालवून दाखवायला ठेवलेला. तो मी त्यांना त्या दिवसापुरता दिला. आमच्या स्टँडवर त्यांचं हेड चपखल बसलं. बसणारच, आमच्या कंपनीनं माप ज्या मशीनवरून उचललं होतं, ते त्या विलायती कंपनीचंच होतं.

दुसरं काही काम नव्हतं म्हणून मी तेलाची कुपी घेऊन दिवसभर शिंप्यांच्या रांगेत बसलो. इतके दिवस मी बाजारात यायचो, चार शिंप्यांना हँडबिलं द्यायचो आणि जायचो. बसलो त्या दिवशी पहिल्यांदा.

दौंडच्या बाजारात शिंपी कडुनिंबाखाली ओळीनं बसत. प्रत्येकाची जागा बापापासून ठरलेली. कागद नाही, पावती नाही, पण दुसरा कुणी तिथं बसत नसे. खेड्यातला माणूस सकाळी कापड घ्यायचा, शिंप्याला माप द्यायचा, बाजार करायचा आणि दिवस मावळायच्या आत शिवलेली बंडी नाहीतर परकर घेऊन गाडी जुंपायचा. आज राहिलं तर पुढचा बाजार आठ दिवसांनी. म्हणून शिंप्यांच्या रांगेचा एक वायदा असे: घेतलेलं कापड बाजार उठायच्या आत गेलंच पाहिजे. एकाचं अडलं तर बाकीचे हात लावत. कारण कापड राहिलं तर "रघुनं फसवलं" असं कुणी म्हणत नाही, "दौंडच्या शिंप्यांनी फसवलं" म्हणतात.

आणि त्याच वायद्यापोटी आणखी एक रीत होती. एखादा कापड बेतायला खाली बसला की त्याचा स्टँड रिकामा पडे. मग ज्याच्या स्टँडची दांडी तुटली असेल, वादी गेली असेल, तो आपलं हेड उचलून त्या रिकाम्या स्टँडवर बसवी आणि काम काढी. विचारायचंसुद्धा नाही. पण दुसऱ्याच्या हेडला हात लावायचा नाही. दोऱ्याचा ताण, टाक्याची लांबी, सगळं ज्याच्या त्याच्या हाताला लावलेलं असतं. परक्यानं दोन कपडे शिवले तर ते परत लावण्यात अर्धा दिवस जातो. स्टँड रांगेचा, हेड ज्याचं त्याचं.

त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट दिसली. हेडवर कंपनीचं नाव सोनेरी अक्षरात असतं, पण वर, शिंप्याच्या बाजूला. स्टँडच्या बिडात नाव ओतलेलं असतं, वीतभर अक्षरांत, आणि ते समोरून दिसतं. गिऱ्हाईक समोर उकिडवं बसतं. त्याच्या डोळ्यांसमोर दिवसभर होतं ते आमचं नाव.

संध्याकाळी रघुमामांनी हेड सोडवलं, वाकळीत बांधलं आणि स्टँडकडं बघत उभे राहिले. म्हणाले, "ह्यो हितंच कुनाच्या तरी वसरीला ठिवा की साहेब. पुढल्या बाजारी मी नुसतं हेड घिऊन यीन. सायकलवर बी येतंय."

मी घरी जाताना, नावेतून उतरल्यावर शिरूरच्या एस.टी.त त्या वाक्याशीच बोलत होतो. बाजारात निम्मे शिंपी पायाचं मशीन आणतच नव्हते. स्टँड कोण वाहणार म्हणून ते हाताचं मशीन आणत, ज्यात एक हात चाक फिरवण्यात जातो आणि काम निम्म्यावर येतं. स्टँड जर बाजारातच उभा असेल तर हे सगळे पायाच्या मशीनवर येतील. आणि नवं हेड घ्यायचं ठरवताना त्यांच्या डोळ्यांसमोर नाव कुणाचं असेल?

आजकाल याला स्ट्रॅटेजी म्हणतात. माझा नातू त्याचीच पदवी घेतोय आणि बराच खर्चही करतोय. आम्ही स्कीम म्हणायचो.

कामतसाहेब पुढच्या खेपेला आले तेव्हा मी स्कीम मांडली. दौंड, केडगाव, यवत, शिरूर अशा बाजारांच्या गावी आपले थोडे थोडे स्टँड ठेवायचे, भाडं घ्यायचं नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, ही त्यांची मोठी गोष्ट. मग विचारलं, "आपल्या स्टँडवर त्यांचं हेड बसतं?"

"बसतं साहेब."

"म्हणजे गोठा आपण बांधायचा आणि गाय त्यांची."

मी काही बोलायच्या आत त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी टोस्टची बशी बाजूला सारली आणि तोडगा सांगितला. फळीच्या खाचेत एक लोखंडी खुंटी ठोकायची. आपल्या हेडच्या तळाला त्या खुंटीपुरती खोबण करायची. आपलं हेड बसेल, दुसऱ्याचं खुंटीवर अडेल. सोय हवी असेल त्यानं आपलं मशीन घ्यावं. मला काहीतरी खटकलं. मी रांगेच्या रीतीचं सांगून पाहिलं, पण टोस्टवरून कडुनिंबाखालची गोष्ट समजावणं अवघड असतं. साहेब म्हणाले, "मि. साळवे, धंदा म्हणजे धर्मशाळा नाही."

हे वाक्य त्यांना आवडलं असावं, कारण जाताना गाडीत चढूनही ते पुन्हा म्हणाले.

खुंटीवाले स्टँड रेल्वेनं आले. पहिल्यांदा दौंडलाच ठेवायचे ठरले. बाजाराशेजारच्या घरांनी ओसऱ्यांवर जागा दिली. तोवर बाजारातच ठेवलेला डेमोचा स्टँड साहेबांच्या हुकमाप्रमाणे मी परत घेतला होता. रांगेतल्या सर्वांत जुन्या शिंप्याला, आप्पांना, मी खुंटीचं आधीच सांगितलं. आप्पांचा शब्द रांग मानायची. त्यांनी मान हलवली, पण ते कापड बेतत होते आणि बेतताना आप्पा सगळ्यालाच मान हलवायचे.

त्या बाजारी लग्नाची गर्दी होती. कासुर्डीचा एक पाटील मुलीच्या लग्नाचं कापड घेऊन आला: नवरदेवाचा सदरा, करवल्यांचे परकर, आहेराच्या बंड्या. लग्न उद्यावर. रघुमामांनी ते अंगावर घेतलं, झरझर बेतलं, वाकळ सोडली आणि हेड उचलून आमच्या नव्या स्टँडवर ठेवलं. ते बसलं नाही. त्यांनी उचलून परत ठेवलं. खाचेत बोट घातलं. दुसऱ्या स्टँडकडं गेले. तिथंही खुंटी. तिसऱ्याकडं मी त्यांना जाऊ दिलं नाही, खुंटीचं सांगितलं. त्यांनी हेड पुन्हा वाकळीत गुंडाळलं. मला ते नावेतल्यापेक्षा जास्त लागलं. नदीनं निदान मुद्दाम केलं नव्हतं.

बाकीच्यांचे स्वतःचे स्टँड गर्दीमुळं दिवसभर गुंतलेले. रांगेत रिकामे होते ते फक्त आमचे, नवेकोरे, चकचकीत, आणि त्यांवर बसेल असं एकही हेड नव्हतं, खोबणीची हेडं कारखान्यातून अजून यायची होती. ऊन उतरायला लागलं तसा पाटील येऊन समोर उभा राहिला. मग आप्पांनी कात्री खाली ठेवली आणि हाक मारली. आपापली मशीनं पोरांच्या हाती देऊन एकेक जण उठून आला. सगळे गोल करून बसले आणि पाटलाचं कापड हातानं शिवायला लागले, सुईदोऱ्यानं, मशीन निघायच्या आधी शिवायचे तसं. मीही काजं केली. सेल्समनला तेवढं येतं. गाड्या जुंपायच्या वेळेला शेवटची बंडी पाटलाच्या हातात पडली. वायदा राखला गेला. बोटांची मात्र चाळण झाली.

आप्पांनी आमच्या स्टँडकडं बोट दाखवलं. "ह्ये उचला साहेब. रांगंत असला पाहुना नगं, जो आपल्या ताटात कुनाला घास घिऊ दीत न्हाई."

स्टँड उलटे करून कडुनिंबाच्या बुंध्याशी रचले गेले. पाय वर केलेल्या मेलेल्या जनावरांसारखे दिसत होते. मी मुंबईला कळवलं. उत्तर आलं, कारखान्यातून आलेल्या मालात बदल करू नये.

त्या रात्री जेवताना मी सगळं सांगितलं. वडिलांनी विचारलं, "खुंटी कसली आहे?" मी म्हटलं, आरपार ठोकून खालून ठेचलेली. ते म्हणाले की सुतारानं लाकडात नसतं दुखणं ठोकू नये, आणि पानावरून उठले. कमलनं ओळखलं माझ्या मनात काय आहे ते. बदल केला आणि साहेबांना कळलं तर अकोलासुद्धा नाही, सरळ घरी. तिला मी तसं म्हणालो. ती म्हणाली, "नाही केला तर अकोला ठरलेलंच आहे. मग हात तरी चालवून बघा." माझ्या बायकोनं धंद्याचं पुस्तक कधी उघडलं नाही, पण हा हिशेब तिनं माझ्याआधी केला होता.

पुढच्या सुट्टीत वडील आणि मी दौंडला गेलो. डेपोच्या दारात एकेक फळी सोडवून वडिलांनी खुंट्या काढल्या आणि भोकांत सागवानी गुल्ल्या बसवून रंधा मारला. दिवसभर कुरकुरत होते. बिजागरीचं माप कच्चं आहे, लाकूड ओलं असताना रंगवलंय, कारखान्यात गुरं कामाला ठेवलीत वाटतं. मी त्यांना इतकं खूश बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

बाजारी मी स्टँड पुन्हा मांडले. कुणी जवळ आलं नाही. शेवटी आप्पा उठले, रघुमामांचं हेड त्यांच्याच हातून स्टँडवर ठेववलं आणि वादी चढवून दोन टाके घालायला लावले. मग दुसरं हेड, मग तिसरं. कंपन्या वेगवेगळ्या, बसली सगळी. आप्पा परत जागेवर जाऊन बेतायला लागले. संध्याकाळी स्टँड बुंध्याशी गेले नाहीत, ओसऱ्यांवर गेले.

मीही दर बाजारी रांगेत बसायला लागलो. तेल घालायचं, सुई बदलून द्यायची, अडकलेलं शटल सोडवायचं, मशीन कुणाचंही असो. उन्हाळा लागेपर्यंत हाताची मशीनं कमी व्हायला लागली. नवं पायाचं हेड घ्यायला शिंपी डेपोत आले, तेव्हा "देशी का?" असं विचारणारे थोडेच उरले होते. तरी खप अजून साहेबांना दाखवण्याजोगा नव्हता, आणि साहेब येणार होते.

ते नेमके बाजाराच्या दिवशी उतरले आणि डेपोत न थांबता थेट कडुनिंबाखाली आले. पाचोळ्यात बूट घसरू नयेत म्हणून जपून चालत त्यांनी सगळी रांग पाहिली. आमच्या स्टँडवर विलायती हेडं धडधडत होती. त्यांनी वाकून एका खाचेत बोट घातलं, वडिलांनी घासलेल्या गुल्लीवरून फिरवलं आणि माझ्याकडं पाहिलं.

तेवढ्यात हातगाडी आली. विलायती कंपनीचा पुण्याचा एजंट, पांढरी पँट, मागं हमाल, आणि गाडीवर हिरव्या रंगाचे स्टँड, आमच्यापेक्षा मजबूत आणि देखणे. आमची स्कीम त्यांच्या कानावर गेली होती तर. एजंटनं रांगेला नमस्कार केला आणि जाहीर केलं, की कंपनीकडून हे स्टँड फुकट, प्रत्येकाला एक. कामतसाहेब माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "संपलं." मलाही तसंच वाटलं. निम्म्याहून जास्त हेडं अजून त्यांचीच होती.

आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. एका हिरव्या स्टँडला चक्कर मारली, पॅडल हलवून पाहिलं, चांगला हाय म्हणाले. मग एजंटला विचारलं, "ह्याच्यावर साळवेसाहेबांचं हेड बसंल का?"

एजंट हसला. अभिमानानंच म्हणाला, "नाही आप्पा. खास बनवून घेतलेत. फक्त आमचंच बसेल."

रांगेतली मशीनं एकामागून एक थांबली. आप्पांनी रघुमामांकडं पाहिलं. रघुमामांचं हेड त्या एजंटच्याच कंपनीचं, त्यांना तर हिरवा स्टँड उत्तम बसला असता. त्यांनी मान हलवली, आणि ही मान नाही म्हणणारी होती.

"मग घिऊन जा पाव्हनं," आप्पा म्हणाले. "हेड कुनाचं बी असू द्या. बाजार उठायच्या आत कापड गेलं पायजे. ज्या स्टँडावर सगळ्यांचं बसतंय, त्यो आमचा."

एजंटनं बराच वेळ समजावलं. फुकट आहे, फुकट आहे, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याला कळेना की नडत होतं ते दुसरंच. आणि एका जागेत दोन स्टँड मावतही नव्हते. शेवटी हमालांनी हातगाडी वळवली.

कामतसाहेब शिंप्याच्या पोत्यावर बसले. असं ते बसतील असं मला कधी वाटलं नव्हतं. चहा मागवला, त्यांना एक, मला एक. ते हातगाडी गेली तिकडं बघत होते. त्यांची खुंटी त्यांना दुसऱ्याच्या गाडीवर दिसली होती, आणि दुसऱ्याच्या गाडीवर ती कशी दिसते हे कळायला माणूस हुशार लागतो. ते हुशार होते.

"खुंट्या कुणी काढल्या?" त्यांनी विचारलं.

"मी आणि वडिलांनी."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही, साहेब."

त्यांनी चहा संपवला, बशी पोत्यावर ठेवली. "वडिलांची मजुरी बिलात लावा," म्हणाले. "आणि यवतला, शिरूरला पाठवायचे स्टँड आहेत, त्यांच्या खुंट्या कारखान्यातच काढायला सांगतो. म्हाताऱ्या माणसाला किती दमवायचं."

डेपो राहिला. लग्नसराईनंतर त्याला आणखी एक खोली जोडून घ्यावी लागली. मी अकोला आजपर्यंत पाहिलेलं नाही. त्या संध्याकाळी कमलला सांगितलं, तेव्हा ती लिंबाच्या झाडाला पाणी घालत होती. वडिलांच्या मजुरीचं ऐकून हसली आणि झाडाला आणखी एक घागर घातली. वडिलांनी मजुरी घेतली नाही, पण बिलावर "सुतारकाम" लिहिलंय ना, हे दोनदा विचारून घेतलं. मी त्या दिवसाइतका सुखी नोकरीत पुन्हा झालो असेन, पण आठवत नाही.

दौंड-शिरूरच्या बाजारांत पुढं आमचीच हेडं जास्त झाली. रघुमामांनी मात्र आमचं हेड शेवटपर्यंत घेतलं नाही. त्यांच्या दोन्ही मुलांनी घेतलं, जावयानं घेतलं, मामा ते चांगलं असल्याचं सगळ्यांना सांगायचे आणि स्वतः बापाच्या वक्ताच्या हेडवर शिवायचे. दसऱ्याला मला हमखास बोलावणं असे. हेडला झेंडूची माळ, स्टँडला झेंडूची माळ. एका कंपनीचं डोकं आणि दुसऱ्या कंपनीचे पाय, दोघं एकाच कुंकवात.

हे सगळं झालं त्याच उन्हाळ्यात आम्ही दोघं पुन्हा वडगावच्या नावेत होतो. भीमा आटली होती. पलीकडे उतरताना नावाड्यानं दोराला बांधलेलं काहीतरी जड कडेवरून काठच्या गाळात लोटलं आणि नाव जागच्या जागी उभी राहिली. पाहिलं तर रघुमामांचा बुडालेला स्टँड. गंजलेला, पण त्या थोर विलायती कंपनीचं नाव बिडात स्वच्छ वाचता येत होतं.

मी नावाड्याला विचारलं, हा तुला कसा काय उपयोगाचा वाटला?

"जड हाय की," तो म्हणाला. "जराबी हालत न्हाई."

रघुमामा हेड सायकलच्या कॅरिअरला बांधत होते. त्यांनी आपल्या जुन्या स्टँडकडं एकदा पाहिलं, आणि मला वाटलं ते परत मागतील. पण ते टांग मारून निघूनही गेले. नातवाला मी एवढंच सांगतो: वजन असण्यात तोटा नसतो, फक्त ते गिऱ्हाईकाच्या डोक्यावर द्यायचं की आपण वाहायचं, हे आधी ठरवावं.